उन्हाळ्यात बाईक तापते म्हणून मॉडिफिकेशन करताय? आधी हा हिशोब समजून घ्या

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. दसरा-दिवाळीच्या तोंडावर दर उतरले आणि अनेक घरांत नवी गाडी आली. त्या गाड्यांचा विदर्भातला पहिला उन्हाळा म्हणजे पहिली परीक्षा.

उन्हाळा लागला की मोबाईलवर रील्सही सुरू होतात. "इंजिन थंड ठेवायचंय? हा ऑइल कूलर बसवा." "लांबच्या प्रवासात पाठ दुखते? हँडल बदला." "सायलेन्सर बदला, गाडी मोकळी श्वास घेईल." यातलं खरं किती? पैसे कुठे घालावेत, कुठे घालू नयेत? आणि कोणत्या बदलासाठी पोलीस गाडी अडवू शकतात?

हे प्रश्न वाशिमसारख्या जिल्ह्यात जास्त महत्त्वाचे आहेत, कारण इथे मोटारसायकल हौसेची वस्तू नाही. रिसोडच्या बाजारात जायचं, मानोऱ्याहून मुलीला परीक्षेसाठी वाशिमला सोडायचं, शेतात खताचं पोतं न्यायचं, अडीअडचणीला दवाखाना गाठायचा, हे सगळं अनेक घरांत एकाच गाडीवर होतं. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. म्हणजे दुचाकीवाल्याच्या वाट्याला आधीचेच रस्ते आणि डोक्यावरचं ऊन.

इंजिन थंड कसं होतं?

पेट्रोल जळतं तेव्हा त्यातल्या ऊर्जेचा लहान हिस्साच चाक फिरवायला मिळतो. ढोबळमानाने पाव ते तिसरा हिस्सा. बाकी सगळी उष्णता. त्यातली काही सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते, उरलेली इंजिनाच्या धातूतून बाहेर काढावी लागते.

त्यासाठी दुचाकींमध्ये प्रामुख्याने तीन पद्धती आहेत.

पहिली, हवेची. स्प्लेंडरसारख्या गाड्यांच्या इंजिनावर पातळ पात्या दिसतात. मेकॅनिक त्यांना फिन म्हणतात. पात्यांमुळे धातूचं पृष्ठफळ वाढतं आणि समोरून येणारी हवा उष्णता घेऊन जाते. गाडी पळत असेल तरच हवा लागते. स्कूटरचं इंजिन झाकलेलं असतं, म्हणून तिथे पंख्याने हवा ढकलावी लागते. जुन्या बजाज चेतकमध्येही असा पंखा होता.

दुसरी, तेलाची मदत. पल्सर 220 सारख्या काही गाड्यांना कंपनीनेच ऑइल कूलर दिला. गरम तेल समोरच्या छोट्या जाळीतून फिरून थोडं थंड होतं आणि पुन्हा इंजिनात जातं.

तिसरी, पाण्याची, म्हणजे कूलंटची. यामाहा आर15 किंवा केटीएम ड्यूकमध्ये रेडिएटर असतो. तापमान वाढलं की पंखा आपोआप सुरू होतो. गाडी बंद केल्यावरही काही वेळ पंखा फिरताना दिसला, तर तो बिघाड समजू नका.

45 अंशांत कोण जास्त तापतं?

इथे एक सोपा हिशोब आहे. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. दोघांच्या तापमानात जितका फरक जास्त, तितकी ती वेगाने जाते.

समजा इंजिनाच्या पात्या 150 अंशांवर आहेत. बाहेर 30 अंश तापमान असेल तर फरक 120 अंशांचा. बाहेर 45 अंश असेल तर फरक 105 अंशांचा. म्हणजे इंजिन थंड होण्याची क्षमता साधारण आठव्या हिश्श्याने घटली. पात्या थोड्या जास्त तापतात आणि हिशोब पुन्हा जुळतो. चांगल्या स्थितीतलं इंजिन एवढं सहन करतं. ते विकणाऱ्या कंपन्यांना भारतातला उन्हाळा माहीत असतो.

आता हाच हिशोब गाडी चालवणाऱ्याला लावा. आपल्या त्वचेचं तापमान साधारण 35 अंश असतं. बाहेर 30 अंश असताना शरीरातली उष्णता हवेत जाते, म्हणून वारा बरा वाटतो. बाहेर 45 अंश असताना हवा आपल्यापेक्षा 10 अंशांनी गरम असते. उष्णता उलटी शरीरात शिरू लागते. गाडी जितकी जोरात, तितका गरम वारा जास्त. अशा वेळी शरीर थंड ठेवणारी एकच गोष्ट उरते: घामाचं बाष्पीभवन.

हवामान खातं तापमान मोजतं ते सावलीत, झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत. डांबराचा काळा रस्ता आणि त्यालगतची हवा त्याहून बरीच गरम असते. मे 2024 मध्ये शेजारच्या अकोल्यात पारा 45 अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाला उष्णतेमुळे कलम 144 लागू करावं लागलं होतं.

थोडक्यात, 45 अंशांत इंजिनाची अडचण आठव्या हिश्श्याची असते, तर माणसाच्या शरीराचा सगळा हिशोबच उलटा फिरतो. बाजारात मात्र जास्तीत जास्त वस्तू इंजिनासाठी विकल्या जातात.

मग गाडी प्रमाणाबाहेर का तापते?

बहुतेक वेळा कारण उन्हापेक्षा साधं असतं.

चिखल: आपल्याकडची काळी माती पात्यांच्या खाचांत बसली की वाळून घट्ट होते. ती इंजिनावर पांघरूण घातल्यासारखं काम करते. पावसाळ्यात शेतात नेलेली गाडी उन्हाळ्यापर्यंत नीट धुतली नसेल, तर पात्या असून नसल्यासारख्या. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर जुन्या ब्रशने खाचा साफ करा. तापलेल्या इंजिनावर एकदम थंड पाणी मारू नका.

हवा अडवणाऱ्या वस्तू: लेग गार्डला बांधलेली पिशवी, दुधाची कॅन, फ्लेक्सचा तुकडा, मोठं प्लास्टिकचं कव्हर. हे सगळं नेमकं इंजिनासमोर येतं. आधी हवा अडवायची आणि मग इंजिन थंड करायला कूलर बसवायचा, असा उलटा व्यवहार बरेच जण करतात.

तेल: 100-125 सीसीच्या गाडीत इंजिन ऑइल साधारण एक लिटरच्या आसपास असतं. त्यातलं पाव लिटर कमी झालं, तर चौथाई तेल गेलं. हे तेल भाग घसरते ठेवतं आणि उष्णताही वाहून नेतं. दर पंधरा दिवसांनी पातळी बघायला पैसे लागत नाहीत.

छोटे दोष: घासत राहणारा मागचा ब्रेक, जास्त ताणलेली चेन, चुकीचे लावलेले टॅपेट, तुंबलेला एअर फिल्टर. यांतल्या कशानेही इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो किंवा ते जास्त तापतं.

हळू वेग आणि जास्त ओझं: गाडीला डवरा जोडून डवरणी करण्याचा जुगाड अनेक ठिकाणी दिसतो. इंजिन पूर्ण जोरात आणि गाडीचा वेग माणसाच्या चालीइतका, म्हणजे उष्णता भरपूर आणि हवा जवळजवळ नाहीच. हवेवर थंड होणारं इंजिन या कामासाठी बनलेलं नाही. करायचंच असेल तर मध्ये मध्ये थांबून इंजिन निवू द्यावं लागतं.

बाजारातल्या उपायांपैकी कामाचं काय?

वेगळा ऑइल कूलर: कंपनीने दिलेला ऑइल कूलर उपयोगी असतो, कारण त्या इंजिनाचा तेलाचा पंप आणि तेलाचं प्रमाण त्या हिशोबाने ठरवलेलं असतं. 100 सीसीच्या गाडीला बाहेरून नळ्या जोडल्या की गळतीच्या जागा वाढतात. नळी सुटली तर तेल मागच्या टायरवर सांडू शकतं आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं. रोज पन्नास-साठ किलोमीटर चालणाऱ्या साध्या गाडीला याची गरज नसते.

छोटा पंखा: गाडी उभी असताना थोडा उपयोग, पळत असताना जवळजवळ शून्य. वर बॅटरीवर भार. रेल्वे फाटकावर किंवा सिग्नलला इंजिन बंद करणं हा याहून स्वस्त उपाय आहे.

सिंथेटिक तेल: हे तेल जास्त तापमानातही पातळ होऊन निकामी होत नाही, म्हणून इंजिनाची झीज कमी होते. पण त्याने इंजिन पाच-दहा अंशांनी थंड होतं अशा जाहिरातींवर विसंबू नका. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेड पाळणं जास्त महत्त्वाचं. डब्यावर दुचाकीसाठीचं 'जासो एमए' हे मानक आहे का बघा. कारचं तेल टाकलं तर क्लच घसरू शकतो, कारण बहुतेक बाईकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो.

कूलंट: रेडिएटर असलेल्या गाडीत बोअरचं पाणी ओतू नका. जड पाण्यातले क्षार आत साचून जाळी बुजते. आणि गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं उकळतं पाणी दाबाने अंगावर येतं.

सायलेन्सरला गुंडाळायची पट्टी: पायाला लागणारी धग कमी होते हे खरं. पण पट्टीत पाणी मुरून पाइप गंजतो आणि तिच्यावर तेल सांडलं तर पेट घेण्याचा धोका असतो. त्यापेक्षा कंपनीचं उष्णतारोधक कव्हर जागेवर आहे का ते बघा. अनेक गाड्यांवरचं हे कव्हर स्क्रू पडून गेलेलं असतं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि तो स्वतः खूप तापतो. पायाला जास्त धग लागते ती बऱ्याचदा यामुळे.

सायलेन्सर बदलल्याने इंजिन थंड होतं का?

नाही. उलट जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत नुसता सायलेन्सर मोकळा केला आणि पेट्रोलचं प्रमाण तेच राहिलं, तर मिश्रणात हवा जास्त होऊ शकते. अशा मिश्रणावर इंजिन जास्त गरम चालतं.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण आधीच थोडं त्याच दिशेला झुकलेलं असतं. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्या हे प्रमाण बऱ्याच अंशी स्वतः सांभाळतात. जुनी गाडी असेल तर उन्हाळ्याआधी कार्ब्युरेटर साफ करून नीट ट्यून करून घेणं हा सायलेन्सर बदलण्यापेक्षा कितीतरी चांगला खर्च आहे.

आरामासाठी काय करावं?

आरामाच्या बाबतीत पहिले दोन उपाय फुकट आहेत.

एक, टायरमधली हवा. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो चुकीचा आहे. थंड टायरमध्ये 28 पौंड हवा असेल आणि टायर 30 अंशांवरून 60 अंशांवर गेला, तर दाब साधारण 4 पौंडांनी वाढतो. टायर हे गृहीत धरूनच बनवलेले असतात. हवा कमी असलेला टायर मात्र प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि त्यामुळे जास्त तापतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, गाडीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरा.

दोन, मागचे शॉकअप. बऱ्याच गाड्यांत त्यांना कमी-जास्त कडक करायच्या खाचा असतात. डबलसीट किंवा पोतं नेताना एक-दोन खाचा वाढवायच्या, एकट्याने जाताना कमी करायच्या. अनेकांची गाडी शोरूममधून आली त्याच खाचेवर वर्षानुवर्षं चालते आणि दोष सीटला दिला जातो.

त्यानंतर सीट. काळं रेक्झिन उन्हात चटका देतं. जाळीदार कव्हरमुळे सीट आणि अंग यांच्यात थोडी हवा खेळते, घाम वाळतो. फोम बसला असेल तर नवा भरून घ्या, पण सीट इतकी उंच करू नका की पाय टेकणार नाहीत.

हँडल उंच केलं तर पाठ सरळ राहते, पण क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, ब्रेकची नळी ताणली जाते. वळताना केबल ओढली गेली तर गाडी आपोआप रेस होऊ शकते. रुंद टायर दिसायला भारदस्त, पण वजन वाढतं, मायलेज घटतं आणि कधी कधी टायर चेनगार्डला घासतो.

आणि एक गोष्ट काढू नका: साडी गार्ड. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून ते काढलं जातं. मागचं चाक झाकणारं हे संरक्षण, मागे बसणाऱ्यासाठी धरायची जागा आणि पाय ठेवायची जागा केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे. पदर किंवा ओढणी चाकात गेली की काय होतं, हे सांगायची गरज नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं.

म्हणजे सीट कव्हर लावणंही गुन्हा आहे का? नाही. कायद्यातला 'बदल' म्हणजे गाडीच्या मूळ रचनेतला बदल. सीटचं कव्हर, मोबाईल होल्डर, तेलाचा चांगला ग्रेड यात येत नाही. चेसिस कापणं, वेगळं इंजिन बसवणं थेट यात येतं. गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरटीओला कळवून नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद करून घ्यावी लागते. एमएच 37 ची गाडी असेल तर त्यासाठी वाशिमचं आरटीओ कार्यालय.

2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182 अ खाली नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम 190 खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरू शकतं. नव्या मॉडेलला मान्यता देताना आवाजाची मर्यादा 80 सीसीपर्यंत 75 डेसिबल, 175 सीसीपर्यंत 77 आणि त्यावर 80 डेसिबल आहे. 'फटाका' सायलेन्सर या चौकटीत बसत नाहीत. म्हणूनच राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे व्हिडिओ दिसतात.

तिसरा मुद्दा पैशाचा. नव्या गाडीच्या वायरिंगला किंवा इंजिनाला बाहेरच्या गॅरेजमध्ये हात लावला तर त्या भागाची वॉरंटी अडचणीत येऊ शकते. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर नुकसानभरपाईचा दावाही अडकू शकतो. बदल करण्याआधी दोन्हीकडे विचारून घ्या.

तो टाकी फुल करण्याचा मेसेज खरा आहे का?

दर उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरतं: "टाकी फुल भरू नका, उन्हाने स्फोट होईल, इंडियन ऑइलचा इशारा." इंडियन ऑइलने स्वतः याचा खुलासा केला आहे. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणं उन्हाळ्यातही सुरक्षित आहे. ठिणगीशिवाय आपोआप पेट घ्यायला पेट्रोलला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. टाकीच्या तोंडापर्यंत ओसंडेस्तोवर भरू नये, एवढंच. तो नियम बारा महिन्यांचा आहे.

गाडीपेक्षा महत्त्वाचं काय?

रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला निघालेले असोत, की मेडशीमार्गे अकोल्याला दवाखान्यात जाणारे, उन्हात आधी हरतं ते माणसाचं शरीर.

म्हणून सगळ्यात उपयोगी 'मॉडिफिकेशन' चालवणाऱ्याच्या अंगावर करायचं आहे. पूर्ण बाह्यांचा सैल, फिक्या रंगाचा सुती शर्ट. गरम वारा थेट त्वचेला लागू नये म्हणून मान आणि चेहऱ्याभोवती दुपट्टा, शक्य असेल तर ओला करून. त्यावर आयएसआय मार्कचं हेल्मेट, ज्याला हवेची छिद्रं आहेत. दुपट्टा हेल्मेटला पर्याय ठरत नाही. विनाहेल्मेट 1,000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र अशी तरतूद आहे.

पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. दर अर्ध्या-पाऊण तासाने सावली बघून थांबायचं. घाम जास्त गेला असेल तर मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक. लहान मूल पुढे टाकीवर बसवून दुपारी प्रवास टाळायचा, कारण समोरचा गरम वारा आणि तापलेली टाकी दोन्ही त्याच्याच वाट्याला येतात.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही पहिली सूचना असते. बोलण्यात गोंधळ, अंग तापलेलं, शुद्ध हरपत चालली असेल तर तो उष्माघात असू शकतो. गाडी तिथेच थांबवा, सावलीत न्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि 108 ला फोन करा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका.

पैसे खर्च करायचेच असतील तर क्रम असा ठेवा: आधी पात्यांची सफाई, तेल, टायरमधली हवा आणि ब्रेक-चेन. मग हेल्मेट आणि सीट. एवढं करूनही गाडी तापत असेल तर तिला काहीतरी आजार आहे आणि तो मेकॅनिककडून शोधून घ्यावा लागेल. वरून कूलर बसवून तो बरा होत नाही. आणि शक्य असेल तेव्हा दुपारी बारा ते चार या वेळात निघूच नका. इंजिनाचा पार्ट गॅरेजमध्ये मिळतो, चालवणाऱ्याचा मिळत नाही.